किती येतं, हे येतं का?

२०१९ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीला बहिणीकडे होतो. तिच्या घरी संध्याकाळचे सात वाजले की टीव्हीवर ‘जेपर्डी’ हा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लागायचा आणि कुकरच्या शिट्ट्या होवोत की कुणाचा फोन येवो, अर्धा तास कुणी जागचं हलायचं नाही. त्या दिवसांत तिकडे एकाच माणसाची चर्चा होती. जेम्स होल्झहाउअर, लास व्हेगासचा, खेळांच्या निकालांवर पैजा लावून पोट भरणारा. १७ एप्रिलच्या एका भागात त्यानं १,३१,१२७ डॉलर मिळवून विक्रम केला होता आणि सलग ३२ सामने तो जिंकला होता. ३ जूनला तो हरला. हरला त्यापेक्षा लोकांना खुपलं ते हे, की शेवटच्या प्रश्नावर त्यानं फक्त १,३९९ डॉलर लावले. एरवी हजारांच्या राशी ओतणारा माणूस ऐन वेळी मूठ आवळतो म्हणजे काय?

“मुद्दाम हरला बघ,” बहीण म्हणाली. “कंटाळला असेल.”

मी वहीचा कागद घेतला आणि तिच्यापुढं आकडे मांडले. तेच आधी इथं मांडतो, कारण मला जे म्हणायचं आहे ते या १,३९९ मध्येच आहे.

‘जेपर्डी’ मर्व्ह ग्रिफिन यांनी १९६४ साली सुरू केलं. आज दिसतो तो अवतार १९८४ पासूनचा. ॲलेक्स ट्रेबेक तेव्हापासून २०२० साली मृत्यू येईपर्यंत ते चालवत होते. तिथं उत्तर आधी सांगतात आणि स्पर्धकानं प्रश्न विचारायचा असतो, पण ही गंमत वरवरची. खरा कस शेवटच्या फेरीत लागतो. तिघा स्पर्धकांना फक्त विषय सांगतात, प्रश्न दाखवत नाहीत. प्रत्येकानं आपल्या खात्यातले किती डॉलर पणाला लावणार ते गुपचूप लिहून द्यायचं. मग प्रश्न येतो. तीस सेकंद. बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात. आणि खात्यातली रक्कम घरी नेतो तो एकटा विजेता. बाकी दोघांना ठरलेली छोटी रक्कम मिळते, म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या खात्यात किती आहे याला शेवटी काही अर्थ उरत नाही.

त्या दिवशी एमा बेचर ही शिकागो विद्यापीठातली ग्रंथपाल २६,६०० वर होती, होल्झहाउअर २३,४०० वर आणि तिसरा स्पर्धक ११,००० वर. जो पुढं असतो तो काय करणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्यानं सगळं लावलं आणि त्याचं बरोबर आलं तर तो दुप्पट होईल, म्हणजे ४६,८००. त्याच्या एक डॉलर पुढं राहायचं, तर बेचरला २०,२०१ लावायलाच हवेत. आता होल्झहाउअरच्या जागी बसून बघा. बेचरचं उत्तर बरोबर आलं तर ती ४६,८०१ वर जाणार, आपण सर्वस्व लावलं तरी एका डॉलरनं मागे. ती चुकली तर येणार ६,३९९ वर. म्हणजे तिच्याशी झुंजण्यासाठी मोठी रक्कम लावण्यात काहीच हशील नाही. भीती उरते ती तिसऱ्याची. तो दुप्पट झाला तर २२,०००. आता २३,४०० मधून १,३९९ वजा करा. उरतात २२,००१, म्हणजे स्वतः चुकलं तरी तिसऱ्याच्या एक डॉलर पुढं.

दोघांचीही उत्तरं बरोबर आली. विषय होता शेक्सपिअरचा काळ, उत्तर होतं मार्लो. बेचरनं अगदी २०,२०१ च लावले होते आणि ती जिंकली. होल्झहाउअर हरला, पण ती चाल त्याच्या सगळ्या खेळीतली सर्वांत नेमकी होती. कागदावरची वजाबाकी बघून बहीण बराच वेळ काही बोलली नाही.

याच खेळात याच्या उलटही घडलेलं आहे. केन जेनिंग्ज २००४ साली सलग ७४ सामने जिंकला, २५,२०,७०० डॉलर मिळवले आणि ७५ व्या सामन्यात नॅन्सी झर्ग या बाईंकडून हरला. शेवटच्या फेरीआधी तो १४,४०० वर, त्या १०,००० वर. त्यानं नियमाप्रमाणे ५,६०१ लावले आणि तो चुकला. हंगामी कर्मचारी घेणारी करसल्लागार कंपनी ओळखायची होती, त्यानं कुरियर कंपनीचं नाव लिहिलं आणि तो ८,७९९ वर आला. झर्गबाईंनी ४,४०१ लावले होते, उत्तर बरोबर होतं, त्या १४,४०१ वर जिंकल्या. जगभर बातमी झाली. पण जरा थांबून बघा. जेनिंग्ज ५,६०१ लावणार हे उघड असताना, त्याच्या चुकण्यावरच सगळी भिस्त असताना, झर्गबाईंनी १,२०० किंवा त्याहून कमी लावले असते तर स्वतःचं उत्तर चुकूनही त्या जिंकल्या असत्या. ४,४०१ लावल्यामुळे त्यांना स्वतःही बरोबर असणं भाग पडलं. चाल कच्ची होती, उत्तर पक्कं होतं म्हणून ती खपून गेली. अँड्र्यू मेट्रिक या अर्थतज्ज्ञानं १९९५ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये याच खेळातल्या पैजांचा अभ्यास छापला, त्यातही हेच निघालं होतं: मागे असलेले स्पर्धक पुढच्याची चाल ओळखून तिला साजेशी पैज लावण्यात वारंवार चुकतात. हे सगळे भरपूर वाचलेले, चाळणी लागून आलेले लोक. उत्तरं त्यांना येतात, पण आपल्याला उत्तर येण्याची शक्यता किती आणि त्या शक्यतेची किंमत किती, हे वेगळंच काहीतरी आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ते वेगळं काहीतरी हीसुद्धा एक विद्या आहे. आपल्याकडे ती शिकवत मात्र कुणी नाही. परीक्षेत ती नसल्याची शिक्षा लाखो मुलांना दर वर्षी होते.

मी पुण्यात संध्याकाळी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना अंकगणित शिकवतो. छोटा वर्ग आहे, पंचवीस-तीस मुलं, बहुतेक गावाकडून आलेली, दिवसभर अभ्यासिकेत बसून संध्याकाळी येणारी. मागे एकदा शंभर प्रश्नांची सराव परीक्षा घेतली, राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेच्या धर्तीवर. वर्गात सर्वांत जास्त वाचणारी जी मुलगी, तिच्या ओएमआर शीटवर एकतीस गोल कोरे होते. मी विचारलं, एवढे का सोडलेस?

“खात्री नव्हती, सर. डाऊट असेल तर हात लावायचा नाही, असं सगळे सांगतात.”

तिला तिथंच बसवलं. म्हटलं, आन्सर की दाखवत नाही, या एकतीस प्रश्नांत तुला आतून जे वाटत होतं ते पेन्सिलीनं लिही. वीस मिनिटांत तिनं लिहिलं. चौदा बरोबर निघाले, सतरा चूक. बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा, म्हणजे अठ्ठावीसमधून साडेआठ गेले. साडेएकोणीस गुण ती मुलगी कोऱ्या गोलांत ठेवून उठली होती. हजारो मुलांचे गुण जिथं एकाच टोकाला दाटीवाटीनं उभे असतात, तिथं साडेएकोणीस म्हणजे केवढी मजल, हे या वाटेनं गेलेल्या कुणालाही विचारा.

निगेटिव्ह मार्किंग ही पैजच आहे, हे कुणी उघड बोलत नाही एवढंच. यूपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकीला एक तृतीयांश गुण कापतात, एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेत एक चतुर्थांश, नीट आणि जेईई मेनमध्ये चार गुणांच्या प्रश्नाला एक गुण. एक तृतीयांशाचा हिशोब असा, की चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरीनं काही मिळत नाही आणि काही जात नाही. पण एक पर्याय जरी खात्रीनं खोडता आला तरी पारडं आपल्या बाजूला झुकतं. एक चतुर्थांशाच्या परीक्षेत तर डोळे मिटूनही सरासरी किंचित फायद्यातच राहते. मग ‘डाऊट असेल तर सोडा’ हा उपदेश कुठल्या गणितातून आला? तो आला आहे आपल्या स्वभावातून. झाकली मूठ सव्वा लाखाची. चुकलेलं उत्तर दिसतं, लाल शाईत येतं, त्याची लाज वाटते. सोडलेलं उत्तर कुणाला दिसत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे: अशानं तुक्का मारणाऱ्यांचं फावेल, गुण म्हणजे नशिबाचा खेळ होईल. पण चारांतला एक पर्याय नक्की चूक आहे हे ओळखणं म्हणजे तुक्का नव्हे. ‘पानिपतची तिसरी लढाई’ असा प्रश्न आला आणि नेमकं साल आठवत नसेल, पण १६६१ असूच शकत नाही, तेव्हा शिवाजी महाराज हयात होते, एवढं ज्याला उमगतं त्याला इतिहास येतो. पुरता येत नाही, अर्धा येतो. आणि अर्धं येतं म्हणजे किती येतं, हे मोजायची ताकद पैजेतच आहे.

यंत्रांनाही ही ताकद द्यावी लागली. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमचं वॉटसन हे संगणक-यंत्र जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन गाजलेल्या विजेत्यांविरुद्ध ‘जेपर्डी’ खेळलं. अमेरिकेतली शहरं या विषयावरच्या अंतिम प्रश्नाला त्यानं ‘टोरांटो’ असं उत्तर दिलं. कॅनडातलं शहर! उत्तर होतं शिकागो. लोक हसले. पण मला त्या पडद्यावरच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. टोरांटोच्या पुढं त्यानं पाच प्रश्नचिन्हं उमटवली होती आणि पैज लावली होती ९४७ डॉलरची. खात्यात छत्तीस हजारांहून अधिक असताना ९४७. उत्तर साफ चुकलं, पण आपली खात्री किती पातळ आहे याचा अंदाज चुकला नाही आणि दोन डावांचा तो सामना ते यंत्र आरामात जिंकलं. यंत्र बनवणाऱ्यांनी माहितीच्या जोडीला भरवशाचा आकडा काढायला त्याला शिकवलं होतं. आपल्या मुलांना आपण फक्त माहिती देतो.

मात्र नुसता सरासरीचा हिशोब डोक्यात घेऊन मुलं मोकळी सुटावीत, असंही मला वाटत नाही. आपल्याला जास्त जवळचा कार्यक्रम ‘कौन बनेगा करोडपती’. तिथं प्रश्न आधी दिसतो आणि मग ठरवायचं, खेळायचं की थांबायचं. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत मुलांना खिचडी शिजवून वाढणाऱ्या, एक कोटी जिंकल्या आणि सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. चुकल्या असत्या तर हातात राहिले असते ३ लाख २० हजार. नुसत्या सरासरीनं बघितलं तर चारांतून एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी त्या पैजेची किंमत पावणेदोन कोटींच्या वर जाते. म्हणजे कोरडं गणित म्हणतं, खेळा. पण तो प्रश्न आयुष्यात एकदाच येणार. चारांतल्या तीन वेळा हातचा कोट जाणार आणि पुन्हा संधी नाही. खिचडी शिजवण्याचं मानधन महिन्याला दीड हजार असताना पहिला कोट घर उभं करतो, पुढचे सहा त्या मानानं कितीतरी हलके. डॅनिएल बर्नुलीनं १७३८ सालीच हे लिहून ठेवलं आहे, की रुपयाची किंमत तो कुणाच्या खिशात पडतो त्यावर ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही आपली म्हणही तेच सांगते. ताडेबाई थांबल्या ते शंभर टक्के बरोबर. त्यांना कुणी भित्रं म्हणत असेल तर त्याला पैज कळलेली नाही.

परीक्षेतले शंभर प्रश्न हे शंभर छोटे डाव असतात. एकात गेलं तर दुसऱ्यात येतं, सरासरीला काम करायला जागा मिळते. हॉट सीटवर एकच डाव असतो. घाबरायचं कुठं आणि हात सोडायचा कुठं, हा फरक मुलांना कळायला हवा. माझ्या वर्गातली ती मुलगी शंभर छोट्या डावांत सात कोटींची भीती घेऊन बसली होती.

ती मुलगी होती हाही योगायोग नाही. कॅथरीन कॉफमन यांनी (तेव्हाचं आडनाव बाल्डिगा) २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चुकीला गुण कापले की तेवढंच ज्ञान असलेल्या पुरुषांपेक्षा बायका जास्त प्रश्न सोडतात आणि त्यामुळे मागे पडतात, असं दिसलं. चिलीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून ही कपात काढल्यावर मुलामुलींच्या सोडलेल्या प्रश्नांतली तफावत बरीच घटली. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनं २०१६ साली पाव गुणाची कपात बंदच केली. आपल्याकडेही ती काढून टाका म्हणणारे आहेत. मी त्यांच्यात नाही, कारण कपात गेली की मोजायची गोष्टच जाते, सगळे सगळं रंगवतात. पण कपात ठेवायची आणि तिचं गणित सांगायचं नाही, हा अन्याय आहे. ज्याच्या घरी सांगणारं कुणी आहे किंवा ज्याला महागड्या टेस्ट सिरीज परवडतात, त्याला ते कळतं. बाकीचे ‘हात लावू नका’ ऐकून येतात.

पैज हा शब्द काढला की घरोघरी कपाळावर आठ्या येतात, त्याही मला समजतात. मोबाइलवरच्या रमीनं आणि फँटसी लीगनं किती पगार गिळले ते आपण पाहिलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, कौशल्याचा खेळ की नशिबाचा ही जुनी पळवाटही बुजवली. माझा त्याला पाठिंबा आहे. पण ज्या मुलाला शक्यतेचा हिशोब कधीच शिकवला नाही, तोच त्या जाहिरातींना पहिला बळी पडतो. धर्मराजही द्यूत खेळला तो अज्ञानातच. धर्म त्याला पुरता ठाऊक होता, शकुनीपुढं आपला हात किती चालतो हे ठाऊक नव्हतं, आणि हरत जाताना पणाला लावायचं ते त्यानं वाढवतच नेलं. हिशोब शिकलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या फाशालाच उठला असता.

‘जेपर्डी’च्या प्रेक्षकांनाही हिशोबी स्पर्धक आवडत नाही. २०१४ साली आर्थर चू फळ्यावरचे प्रश्न क्रमानं न घेता उड्या मारत, जिथं मोठी पैज लावता येते ते ‘डेली डबल’चे चौकोन हुडकत खेळला आणि ११ सामने जिंकला, तर लोकांनी त्याला खेळ नासवणारा ठरवलं. एक पायरी, मग दुसरी, असं शहाण्या मुलासारखं खेळावं ही अपेक्षा. आपल्याकडेही पेपर कसा सोडवायचा याचा विचार करणाऱ्याला ‘चालू’ म्हणतात. चू नियमांच्या आतच खेळत होता. नियम समजून घेणं यात लबाडी कुठं आली?

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ आणि ‘संभाव्यता’ हे पाठ एकापाठोपाठ एक आहेत. एकात कर आणि शेअर, दुसऱ्यात नाणी, फासे, पत्ते. दोन्हींच्या मधे एक पान घाला: चार पर्याय, चुकीला इतकी कपात, दोन पर्याय खोडता आले, तर काय करशील? मुलांच्या रोजच्या जगण्यातलं संभाव्यतेचं याहून खरं उदाहरण मला माहीत नाही. आणि आयोगानं, परीक्षा मंडळांनी प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर जिथं कपातीचा नियम छापतात तिथंच खाली दोन ओळींत त्याचा हिशोबही छापावा. त्याला खर्च शाईचा.

तोवर मी माझ्या वर्गात चिंचोके वापरतो. दर शुक्रवारी प्रत्येकाला वीस. मी फक्त विषय सांगतो, ‘जेपर्डी’सारखा, आणि मुलं मुठीत चिंचोके धरून बाकावर उपडी ठेवतात. मग प्रश्न. पहिल्या शुक्रवारी त्या मुलीच्या मुठीत एकच चिंचोका होता, विषय कुठलाही असो. उत्तरं बरोबर येत होती आणि ढीग वाढत नव्हता. शेजारचा मुलगा दर वेळी पंधरा लावायचा आणि चौथ्या प्रश्नाला रिकामा व्हायचा. दोघांनाही वहीत दोन रकाने करायला लावले: किती लावले, बरोबर आलं का.

दीड महिन्यानं मी विषय सांगितला, कोकणातल्या नद्या. तिच्या मुठीतून कडेनं चिंचोके दिसत होते, एवढे तिनं धरले होते. प्रश्न होता, विजयदुर्ग किल्ला कोणत्या नदीच्या मुखाशी आहे. तिनं गड नदी लिहिलं. उत्तर वाघोटन.

मूठ उघडली, बारा होते. तिनं ते एकेक मोजून माझ्या बाजूला सरकवले, वहीत बारा लिहून पुढं फुली मारली, उरलेले आठ ओंजळीत घेतले.

“पुढचा विषय काय, सर?”